परीक्षेच्या दिवशी दाऊदकाकांचा उपवास

नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं बाहेरची माणसं मला विचारतात. मी सांगते, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून होणारी भांडणं सोडवायची. बाकीचं सगळं त्यातच येतं. पांढरा युनिफॉर्म ड्यूटीच्या वेळेपर्यंत वाळलाच पाहिजे, आणि लातुरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. तेवढ्यात कुणाला घरची आठवण येते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाला रक्त बघून चक्कर येते. आणि हे सगळं दोरीखाली उभं राहूनच मला सांगायचं असतं.

पुष्कळ वर्षं मी हे काम केलं. आता नांदेडला मुलाकडं असते. माझी शाळा सातवीपर्यंत झालेली. नर्सिंगचं जे काही कळतं, ते मुलींचं पाठांतर ऐकून. परीक्षा आली की एकेक मुलगी पुस्तक माझ्या हातात द्यायची न् म्हणायची, "आक्का, मी म्हणते, चुकलं तर सांगा." पुस्तक इंग्रजीत. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण मी चष्मा नीट करायची आणि मध्येच कुठंतरी "हं, पुन्हा म्हण" असं म्हणायची. त्या दचकून पुन्हा म्हणायच्या आणि बहुतेक वेळा त्यांची त्यांनाच चूक सापडायची. अशा रीतीनं मी बऱ्याच जणींना पास केलं आहे.

त्यातली एक एस्तेर.

एस्तेर मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिचे वडील शमुवेलबापू गवंडीकाम करायचे आणि रविवारी गावातल्या मूठभर ख्रिस्ती घरांची उपासना चालवायचे. पगारी पाळक त्या गावाला कधी मिळालाच नाही, म्हणून बापूच उपदेश करायचे, बापूच गाणं म्हणायचे आणि बापूच प्रार्थनाघराच्या पत्र्यावर पडलेली चिंच झाडायचे. एस्तेर लहान असताना हगवणीनं अगदी हातची जायला आली होती. तेव्हा बापूंनी देवाला शब्द दिला की ही वाचली तर तुझ्या सेवेला देईन. ती वाचली. सेवा म्हणजे बायबल शाळेत जायचं, शिकून गावोगाव वचन सांगायचं, असा बापूंचा हिशोब.

एस्तेरचा हिशोब निराळा. ती मला म्हणायची, "आक्का, त्या वेळचं पप्पाला देव आठवतोय. मला सलाईन लावणारी सिस्टर आठवती. तिनं मला एक रबरी नळी खेळायला दिल्ती."

शेवटी बापलेकींचा करार झाला. नर्सिंगला जा. देवाच्या मनात असेल तर पास होशील. एकदा जरी नापास झालीस, तरी तो इशारा समजायचा आणि गपगुमान बायबल शाळा धरायची. आता तुम्ही म्हणाल, पोरगी देवाला मानत नव्हती का? उलट. तिच्यासारखी मानणारी मी पाहिली नाही. लातुरात आली तशी ती आमच्या चर्चमध्ये यायला लागली. तिचा आवाज चांगला, ढोलकीवर हात चांगला. पाळकसाहेबांनी दोन रविवार बघितलं आणि तरुण संघ तिच्या गळ्यात घातला. तिनंही आनंदानं घेतला. म्हणजे दिवसा वॉर्ड, संध्याकाळी संघ, आणि मधल्या वेळात माझ्यासमोर बसून इंग्रजी पाठांतर.

पण माणसाला एकच अंग असतं. एका कामाची सवय दुसऱ्या कामात शिरतेच.

पहिल्यांदा शिरली ती इंजेक्शनात. एस्तेर सुई टोचायच्या आधी क्षणभर डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना करायची. निलंग्याकडचा एक पेशंट, भलामोठा गडी, पालथा पडून मान वळवून बघत होता. त्यानं हातात सुई धरलेली आणि डोळे मिटलेली सिस्टर बघितली आणि तो जो उठला तो थेट जिन्यावर. "सिस्टर, तुम्हीच डोळे झाकून राहिलाव, तर सुई कुठं बसंल?" असं तो पायजम्याची नाडी धरून तिथनं विचारत होता. मुलींच्या ट्यूटर सोनकांबळे मॅडम. बाई कडक, पण न्यायाच्या. त्यांनी एस्तेरला एवढंच सांगितलं, "प्रार्थनेला माझी हरकत नाही. डोळे उघडे ठेवून कर."

उलट्या बाजूनंही तसंच. ब्लडप्रेशर घ्यायचा सराव हवा म्हणून ती मशीन तरुण संघाच्या सभेला घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात दारात म्हातारी माणसं उभी. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी पुढच्या खुर्च्या धरल्या. पाळकसाहेब घाबरत घाबरत म्हणाले, "मंडळी, हा तरुण संघ आहे." त्यावर एक आजोबा म्हणाले, "मग आम्ही काय बसू नये का? दोन्ही हातांचं घेतल्याशिवाय आम्ही हलत नसतो." वर्षाच्या शेवटी निवडणूक झाली तेव्हा तरुण संघाच्या खजिनदार म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक आजी निवडून आल्या.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. खरी गंमत तिसऱ्या वर्षी, वस्तीवरच्या पोस्टिंगला झाली.

नर्सिंगच्या मुलींना दवाखान्याबाहेरही शिकवतात. शहरातली एखादी वस्ती ठरवून देतात, तिथली घरं वाटून देतात. मुलीनं घरी जायचं, बीपी बघायचं, जखम असेल तर ड्रेसिंग करायचं, आणि काय खावं, काय खाऊ नये ते सांगायचं. याला घरभेट म्हणतात. त्यासाठी एक पिशवी असते आणि ती उघडायची ठरलेली रीत असते. आधी स्वच्छ जागा बघून वर्तमानपत्र पसरायचं. त्यावर पिशवी ठेवायची. बाहेरच्या कप्प्यातनं साबण-टॉवेल काढून हात धुवायचे. एप्रन बांधायचा. मगच पिशवीत हात घालायचा. काम झालं की पुन्हा हात धुवायचे, आणि वर्तमानपत्राची घडी आतल्या बाजूनं घालायची, म्हणजे त्या घरातली घाण दुसऱ्या घरी जात नाही. यातली एक पायरी चुकली तरी मार्क गेले. मुली ही रीत झोपेतही बडबडायच्या.

योगायोग असा की एस्तेरला मिळालेल्या वस्तीतच आमच्या चर्चच्या मंडळीतली काही घरं होती. म्हणजे बुधवारी ती पिशवी घेऊन जायची आणि शनिवारी संघाची पोरं घेऊन त्याच गल्लीत प्रार्थनेला जायची. हळूहळू लोकांचा घोटाळा व्हायला लागला. तिनं वर्तमानपत्र पसरलं की माणसं डोकं झाकून, हात जोडून बसायची. तिनं बायबल उघडलं की बाह्या वर सारायची. नर्सिंग शाळेचं स्पष्ट बजावणं होतं की ड्यूटीवर धर्म आणायचा नाही. एस्तेर ते काटेकोर पाळायची, पण लोकांना कोण आवरणार? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची आई, काशीबाई आज्जी, गळ्यात लिंग असलेली. तिला शेजारच्या घरातली गाणी भिंतीपलीकडनं ऐकू यायची. बीपी बघून झालं की ती एस्तेरला म्हणायची, "आता ते तुमचं म्हणा की."

"आज न्हाई आज्जी. आज निस्तं बीपी."

"मग उतरंल कसं ते?"

सोनकांबळे मॅडमनी हे दोनदा डोळ्यांनी बघितलं. तेव्हा त्या एस्तेरला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझं काही नाही. पण परीक्षेला बाहेरच्या मॅडम येणार. त्यांच्यासमोर असं काही झालं तर मी तुला वाचवू शकणार नाही."

एस्तेर त्या दिवशी दोरीखाली आली, पण कपडे घेऊन नाही. नुसतीच उभी राहिली. म्हणाली, "आक्का, मला दोन्ही सोडायचं न्हाई. पण नापास झाले तर एक सुटतंय."

परीक्षेच्या आदल्या रविवारी तिनं संघात सगळ्यांना हात जोडून सांगितलं की माझ्यासाठी प्रार्थना करा, पण उपवास धरू नका, विशेष करून गोळ्या चालू असलेल्यांनी. आमच्याकडं कुणाचं काही अडलं की उपवास धरायची पद्धत आहे. संघातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

परीक्षेच्या दिवशी मुलींना रिक्षातनं वस्तीत नेऊन पोचवायचं काम माझ्याकडं. तिथं गेल्यावर चिठ्ठ्या टाकल्या. एस्तेरला घर आलं दाऊदकाकांचं.

दाऊदकाका म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर, आमच्याच मंडळीतले. साखरेचे जुने पेशंट, पायाला न भरणारी जखम. मूलबाळ नाही, एस्तेरला लेक मानायचे. आणि त्यांच्याच घरी आदल्या दिवसापासून उतरले होते मुखेडहून आलेले शमुवेलबापू. दोघांची ओळख जुनी. बापू येताना रिकामी पत्र्याची पेटी घेऊन आले होते. पोरीचं सामान भरायला लागलं तर असावी म्हणून.

मी दारात उभी राहिले. बापू बाहेर ओट्यावर पोहे खात होते. मी म्हटलं, "बापू, पोरगी नापास व्हावी म्हणून प्रार्थना करून राहिलाव का काय?"

"न्हाई हो आक्का. मी काईच मागून न्हाई राहिलो. मी निस्ता थांबलोय."

"पेटी घेऊन?"

"थांबायचं तर पेटी लागती की."

तेवढ्यात परीक्षक मॅडम आल्या. बाहेरगावच्या, उंच, हातात क्लिपबोर्ड. मागं सोनकांबळे मॅडम, चेहरा इस्त्री केलेला. एस्तेरनं नमस्कार केला, खुर्चीवर बसलेल्या काकांना "कसं काय काका" विचारलं आणि जागा बघून वर्तमानपत्र पसरायला घेतलं.

काका काही बोलेनात. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. हात थरथरत होते, मग खांदे थरथरायला लागले. मग ते काहीतरी पुटपुटायला लागले, त्यात अर्धी गावांची नावं होती. मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी. जुना रूट असावा.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या प्रार्थनेच्या सभांत कधी कधी माणूस असाच थरथरतो, घामेजतो, त्याला शब्द फुटत नाहीत. आत्मा उतरला, असं आम्ही म्हणतो, आणि मग सगळे मोठ्यानं गायला लागतात. मी ते खूपदा बघितलंय, त्याची टिंगल करणार नाही. काकांच्या बायकोनं, रूथकाकूंनी, तेच ओळखलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. बापू पोह्यांची बशी ठेवून आत आले, हात वर केले आणि त्यांच्या त्या खड्या आवाजात स्तुतीचं गाणं धरलं. खिडकीतनं शेजारपाजारचे डोकावले. त्यांनीही धरलं. काशीबाई आज्जी दारात येऊन टाळ्या वाजवायला लागली, तिला तर कधीपासनं हे हवंच होतं. सोनकांबळे मॅडमनी डोळे मिटले. त्या प्रार्थना करत नव्हत्या.

एस्तेर अर्धं पसरलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन काकांकडं बघत होती. मग तिनं ते टाकून दिलं. पिशवी तशीच जमिनीवर. साबण नाही, टॉवेल नाही. काकांचं मनगट धरून तिनं काकूंना विचारलं, "काकू, काका सकाळी काय जेवले?"

काकूंनी पदर आणखी पुढं ओढला.

"काकू."

"उपास हाय त्यांचा. तुझ्यासाठी. कालपासनं. सांगू नको म्हणले."

"आणि गोळी?"

"गोळी घेतली की सकाळी. तूच म्हणली होती, गोळी चुकवायची न्हाई."

एस्तेर वळली आणि गाण्याच्या वर आवाज काढून म्हणाली, "पप्पा, गाणं बंद करा. काकांची साखर उतरलीय. साखर आणा."

बापू आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या हुकमावर पळाले. पण घर दुसऱ्याचं, फळीवर सगळे डबे स्टीलचे, सगळे सारखे. पहिल्यांदा त्यांनी रवा आणला. दुसऱ्यांदा मीठ. तिसऱ्यांदा कपड्याची पावडर. साखरेचं दुखणं घरात म्हणून काकूंनी साखर अशी लपवून ठेवली होती की घाबरून त्यांनाही आठवेना. काका आता कुर्डुवाडीच्या पुढं गेले होते. तेवढ्यात परीक्षक मॅडमनी क्लिपबोर्ड काखेत मारला, पर्समध्ये हात घातला आणि लिमलेटच्या गोळ्या काढल्या. एस्तेरनं त्या बत्त्यानं फोडल्या, पाण्यात विरघळवल्या आणि काकांना गिळता येतंय हे बघून घोट घोट पाजलं. तोवर काशीबाई आज्जीनं दुकानातनं साखरेचा अख्खा पुडा आणून काकांच्या मांडीवर ठेवला.

थोड्या वेळानं काकांनी डोळे नीट उघडले. सगळ्यांकडं बघितलं. म्हणाले, "झाली का परीक्षा?"

परीक्षक मॅडम एस्तेरला म्हणाल्या, "तू वर्तमानपत्र पसरलं नाहीस."

"न्हाई मॅडम."

"हात धुतले नाहीस."

"न्हाई."

"मीही धुतले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आता ह्यांना खायला घाला. आणि मग पहिल्यापासून कर."

काकूंनी खिचडी टाकली. काका जेवले. आणि मग एस्तेरनं पुन्हा दारातनं आत येऊन नमस्कार केला, जागा बघितली, वर्तमानपत्र पसरलं. पोटात अन्न गेल्यावर काकांना जी तरतरी आली ती काही विचारू नका. दर बुधवारी बघून सगळी रीत त्यांना पाठ झालेली. "साबण बाहेरच्या कप्प्यात हाय," ते म्हणाले. "एप्रन राहिला बघ."

"पेशंटनं सांगायचं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"मी कुठं सांगून राहिलो मॅडम? घंटी मारल्याबिगर गाडी सोडलेली मला बघवत न्हाई, एवढंच."

ड्रेसिंग झालं. शेवटी पेशंटला आरोग्याचं शिक्षण द्यायचं असतं. मुली ते पुस्तकातल्यासारखं देतात. एस्तेरला ते पाठ होतं, मीच घेतलं होतं तिच्याकडनं. पण तिनं काकांसमोर बसून जे सांगितलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"काका, गोळी घेतली तर जेवायचं. उपास धरायचा असला तर आधी डॉक्टरला विचारायचं. तुम्ही मेला असताव तर मी पास होऊन काय करणार होते? कोणाच्या पायाचं ड्रेसिंग करणार होते?" काका खाली बघायला लागले. मग ती वडिलांकडं वळली. "पप्पा, तुम्ही बी ऐका. साखरेचा पेशंट घामानं भिजला, थरथरला, काहीबाही बोलाया लागला, तर आधी विचारायचं, जेवला का. मग गाणं."

बापूंनी विचार केला. "आणि जेवलेला असला तर?"

"तरी आधी दवाखाना. तिथनं आल्यावर गा."

परीक्षक मॅडम हे लिहून घेत होत्या की हसू लपवायला मान खाली घातली होती, ते मला दारातनं दिसलं नाही.

निकाल लागेपर्यंत वस्तीत दोन तट पडले होते. काकांचं म्हणणं, उपास फळणार. बाकीच्यांचं म्हणणं, उपासानंच पोरीला बुडवलं. एस्तेरचं आपलं वॉर्ड, संघ आणि माझी दोरी. आणि मग ती पास झाली. फार मार्कांनी नाही. वस्तीच्या विषयात मात्र चांगले होते.

बापू पेटी घेऊन वसतिगृहात आले. मी त्यांना पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, चहा दिला. एस्तेरला मुखेडच्या एका दवाखान्यात नोकरी मिळत होती, घराजवळ. बापू बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले. शब्द देवाला दिलेला, आणि करार लेकीशी केलेला. दोन्हीकडनं माणूस बांधलेला. मला त्यांची कीव आली. या कामात माझ्या हातनं पुष्कळ चांगल्या मुली सुटल्या. कुणाच्या सासरच्यांना नाइट ड्यूटी चालली नाही, कुणाच्या मंडळीला रविवारची. त्यांचे युनिफॉर्म दोरीवरनं मीच काढून घडी करून दिले. ही पण जाते की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

शेवटी बापू म्हणाले, "आक्का, मी त्या दिवशी गात होतो न् तो माणूस मरून राहिला होता. म्या गवंडी माणूस. मला कळलंच न्हाई." मग पुढं म्हणाले, "माझ्या मंडळीत साखरवाले किती असतील, मी कधी बघितलंच न्हाई. हिला दर रविवारी उपासनेला आणता येईल का? आधी ही सगळ्यांना बघंल. मग मी उपदेश करीन."

"दर रविवारी नाही येणार," मी म्हटलं. "दवाखान्यात ड्यूटी चार्ट लागतो. सुट्टी कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी."

"रविवारी न्हाईच?"

"आली तर आली."

बापूंनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता पेटी उचलतात. त्यांनी उचललीही. त्यात लेकीची पुस्तकं, युनिफॉर्म आणि बीपीचं मशीन भरलं, आणि बापलेक मुखेडच्या गाडीला गेले.

आता मी नांदेडला असते. महिन्यातनं एखाद्या वेळी बापूंचा फोन येतो. आमचे पाळकसाहेब त्यांच्यावर अजून थोडे नाराज आहेत, पण त्या गावची माणसं खूश आहेत, शेजारच्या गावचीही यायला लागलीत म्हणे. परवा फोन आला तेव्हा मी विचारलं, "काय बापू, रविवारी येऊ का तुमच्याकडं उपासनेला?"

"या की आक्का," बापू म्हणाले. "थांबा, पोरीचा चार्ट बघून सांगतो." पलीकडं कागदाची सळसळ झाली. "ह्या आठवड्यात रविवार गुरवारी हाय."